उंदराचं शेपूट कुणी लावलं?

आधी तेवढं दार पुढं ढकला, मग सांगते. आणि माझं नाव मध्ये येऊ देऊ नका. मला याच गल्लीत दिवस काढायचेत.

कोडोलीतली पोरं बिघडलीत. मोबाइलनं बिघडली असती तर कुणी ब्र काढला नसता, ते आता घरोघरी झालंय. ही बिघडलीत सुईदोऱ्यानं. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, आणि ज्या वयात कैऱ्या पाडायच्या, पाटात डुंबायचं, पाहुण्यांच्या मोटारसायकलवर बसून हॉर्न वाजवायचा, त्या वयात ही कार्टी सोप्यात मांडी घालून फेल्टच्या बाहुल्या शिवतायत. त्याही गोष्टीतल्या. चिमणी, कावळा, भोपळ्यात बसून लेकीकडं गेलेली म्हातारी, मगरीच्या पाठीवरचं माकड. शेजारच्या वहिनींचा चौथीतला पोरगा भर दुपारी माझ्या दारात उभा राहून विचारतो, "काकू, गुलाबी कापड हाय का वं? कान कराय पायजेत." मी म्हटलं, कुणाचे रे? तर म्हणतो, "उंदराचे." तोंडावर लाज म्हणून नाही.

लांबचे पाहुणे आमच्या गावाचा दर वेळी पट्टणकोडोलीशी घोळ घालतात, म्हणून सांगते. ती हातकणंगल्याकडची. तिथं विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात. आमची कोडोली पन्हाळा तालुक्यातली, वारणानगरला लागून. आमच्याकडं लोकर उधळायची पद्धत नव्हती. आता बाहुल्यांच्या केसांपायी ती सोफ्याच्या फटीत, दह्याच्या वाटीत आणि परवा तर एका सासूबाईंच्या अंबाड्यात सापडली. सासूबाई दिवसभर तशाच हिंडून आल्या. गल्लीत कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

आता हे खूळ आणलं कुणी? यावर दळपाच्या गिरणीत रोज एक निकाल लागतो. मास्तर लोकांच्या मते हे सरकारचं काम. २०२० च्या शिक्षण धोरणात खेळण्यांतून शिकवायचं लिहिलंय, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दिल्लीहून तीन ते आठ वर्षांच्या पोरांसाठी 'जादुई पिटारा' निघाला, त्यात खेळणी, कोडी आणि बाहुल्याच भरल्यात. सरकारच पेटीतनं बाहुल्या काढून द्यायला लागल्यावर आईबापानं कुणाकडं दाद मागायची? बायकांचा संशय पुण्याहून आलेल्या एका सुनेवर आहे. ती सुट्टीला येताना साड्यांऐवजी रंगीत फेल्टचे तावच्या ताव घेऊन आली, असं म्हणतात. माझा संशय मात्र तिसरीकडंच आहे, आणि तो मी खालच्या आवाजात सांगते. हे सगळं आज्ज्यांचं काम आहे.

बघा की. या बायकांनी आयुष्यभर वाकळा शिवल्या. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर घालायची आणि धावदोऱ्यानं आडवी-उभी भरून काढायची. एकेका वाकळेत घरातल्या चार पिढ्या निजायच्या. मग दुकानातनं गुबगुबीत ब्लँकेटं आली आणि वाकळ माळ्यावर गेली. आज्ज्यांच्या सुया गंजायला लागल्या. तेवढ्यात नातवंडांना सुई पाहिजे झाली! पोराचे डोळे लख्ख, आज्जीला सुईचं नेढं दिसत नाही. आज्जीला टाका येतो, पोराला येत नाही. दोघांचा सौदा जमला. पोरगं दोरा ओवून देतंय, आज्जी गाठ मारून देतेय, आणि मधल्या पिढीला, म्हणजे तुम्हा-आम्हाला, कुणी विचारीना. याला कट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

मी एकदा ताक मागायच्या निमित्तानं जाऊन सगळं डोळ्यानं बघून आले. आज्जी भिंतीला टेकून, पोरगं समोर. करड्या फेल्टचे दोन तुकडे, एका बाजूला टोकदार, दुसऱ्या बाजूला फुगीर. एकावर एक बरोबर ठेवले. मी वाट बघत होते की आता उलटं करून शिवतील, मग सुलटं करतील, आपण उशीचा अभ्रा करतो तसं. छे! फेल्टला ते काही लागतच नाही. हे कापड विणलेलंच नसतं. आपलं घोंगडं मागावर विणतात, त्याला ताणा-बाणा असतो, म्हणून कापलं की दशा सुटतात. फेल्टात तंतू नुसते एकमेकांत गुंतून घट्ट बसलेले. काश्मीरचा नमदा असतो ना, लोकर पसरून, भिजवून, रगडून केलेला, त्याच जातीचं हे. कुठंही कातरी लावा, धागा सुटत नाही. म्हणजे दुमड नको, ओव्हरलॉक नको, मशीन नको, आणि मुख्य म्हणजे आई नको. इथंच सगळा घात झाला.

आज्जीनं काजटाका दाखवला. सुई मागनं पुढं काढायची, दोऱ्याच्या फासातनं न्यायची, ओढायची. अँकरच्या दोऱ्याला सहा पदर असतात, आज्जीनं दोनच सुटे करून दिले, म्हणाली, "सगळं घाटलंस तर उंदराचा साप हुईल." पोराचा पहिला टाका लांब, दुसरा आखूड, तिसरा भलतीकडंच. आज्जी बघत होती, पण हात लावला नाही. टाका चुकला की पोरगंच जीभ दातात धरून उसवायचं. शेवटी बोटभर फट ठेवली, तिच्यातनं कापूस भरला आणि नाकाच्या टोकापर्यंत पोचावा म्हणून पेन्सिलच्या बुडानं ढोसला. कापूस कुठला? विचारूच नका. सध्या आमच्या गल्लीत एकाही घरातली उशी पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही. माणसं मान अवघडली म्हणून कोल्हापूरला डॉक्टरकडं जाऊन आली, पण उशी उसवून बघायचं एकालाही सुचलं नाही.

एका घरात तर इस्त्री गेली. दुकानात मिळतं ते फेल्ट बहुतेक पॉलिस्टरचं, लोकर त्यात नावालाही नसते. एका हौशी काकांनी माकड चुरगळलंय म्हणून त्याच्यावर कडक इस्त्री फिरवली. माकड इस्त्रीलाच चिकटून वर गेलं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही.

पोरींनी शिवलं असतं तर गाव एवढं हललं नसतं. पोरं शिवायला लागली, तिथं तालमीतल्या थोरामोठ्यांच्या डोक्याला हात गेला. एक आण्णा पारावर म्हणाले, "ह्या वयात आम्ही जोर काढायचो, आन ही पोरं कान शिवाय लागल्यात!" मला राहवलं नाही. म्हटलं, आण्णा, तुमच्या अंगातला शर्ट शिवणारा टेलर पुरुषच, नव्हं? घोंगडं विणतो तो सणगर पुरुष. कारखान्यात साखरेच्या पोत्याची तोंडं शिवायला काय बायका उभ्या असतात? पोत्याला टाका घालणारा हात मर्दाचा आणि उंदराला घालणारा हात वाया गेलेला, हे गणित मला काही सुटेना. आण्णा म्हणाले, "पोत्याचे पैसे मिळतात." बोलणंच खुंटलं.

पण आण्णांना एकट्याला बोल लावून उपयोग नाही. बाहुल्यांनी गाव नासतं ही ओरड जुनी आहे आणि सातासमुद्रापलीकडचीही आहे. अमेरिकेत टेडी बेअरचं खूळ ऐन भरात होतं तेव्हा, १९०७ साली, मिशिगनमधल्या सेंट जोसेफ गावच्या एका पाद्र्यानं भर चर्चमध्ये सांगितलं की मुलींनी बाहुल्या टाकून अस्वलं कवटाळली तर त्यांच्यातली आईपणाची ओढच मरून जाईल. अस्वलं तरीही खपली. पोरीही पुढं आया झाल्या.

फेल्टच्या खेळण्यांची सुरुवातच मुळी घोटाळ्यानं झालीय. जर्मनीतल्या गिंगेन गावात मार्गारेटे श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी बाई होती. लहानपणी पोलिओ झालेला, चाकाच्या खुर्चीवर बसून काम करायची. तिनं १८८० साली फेल्टचा एक छोटा हत्ती शिवला, टाचण्या टोचून ठेवायला. बायकांच्या कामाची वस्तू! ती पोरांनी पळवली. टाचण्या गेल्या, हत्ती खेळायला लागला, आणि त्या हत्तीमागनं खेळण्यांचा एवढा मोठा कारखाना उभा राहिला. पुढं तिथंच अस्वलंही शिवली गेली. म्हणजे चोरी पोरांनीच केली होती, तेव्हाही.

आणि थोरामोठ्यांचं तरी काय सांगावं? पॉल क्ले एवढा नावाजलेला चित्रकार, पण १९१६ पासून पोराच्या हट्टापायी हातबाहुल्या करत बसला होता. हाताला लागेल ते घ्यायचं. एक भूत तर त्यानं विजेच्या सॉकेटपासून केलं. आमच्या इथं कुणी बोर्डावरचा सॉकेट काढला तर वायरमनच्या आधी आईचा हात पोचेल.

आता मुद्द्याचं. हे कुणाला सांगू नका.

मघाचा तो चौथीतला पोरगा. त्यानं उंदीर पुरा केला. कान गुलाबी, डोळ्याच्या जागी काळ्या दोऱ्याच्या गाठी, मिशा झाडूच्या काडीच्या. टाके असे, की उंदीर नुकताच दवाखान्यातनं सुटून आलाय असं वाटावं. उंदराला शेपूट नाही. आई बघते तर शेपूट नाही! तिला वाटलं, विसरला बिचारा. शेपूट दोन तुकड्यांच्या मध्ये घालूनच शिवायचं असतं. एकदा कड बंद झाली की उसवल्याशिवाय गत नाही. रात्री पोरगं झोपल्यावर बाईनं दिवा लावला, मागची कड उसवली, तीन पदरी वेणी घालून झोकदार शेपूट बसवलं आणि आता उसवलंच आहे तर म्हणून सगळेच टाके काढून पुन्हा एकसारखे घातले. मशीननं घातल्यासारखे. सकाळी पोरानं उंदीर बघितला आणि असा हंबरडा फोडला, की आम्ही सगळ्या चुलीवरचं सोडून पळत गेलो.

"शेपूट कुणी लावलं?"

त्याचं खरं होतं. तो उंदीर होता सात शेपट्यांचा. ती गोष्ट आठवतेय का? सात शेपट्या म्हणून पोरं चिडवतात, उंदीर जाऊन एक कापून येतो. मग सहा शेपट्या म्हणून चिडवतात. अशा एकेक करत सगळ्या कापून घेतो आणि शेवटी बांडा म्हणूनही चिडवतातच. पोरानं गोष्टीच्या शेवटचा उंदीर शिवला होता. सगळ्या शेपट्या कापून झालेला. आईनं एका रात्रीत गोष्ट उलटी फिरवली.

ही गोष्ट पोरांपर्यंत पोचवली गुजरातेतल्या गिजुभाई बधेकांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांच्याबरोबर आपल्या ताराबाई मोडक होत्या. त्याच ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. महागडी साधनं आणायला पैसा नव्हता, म्हणून पानं, बिया, शंख-शिंपले, आसपास मिळेल ते पोरांच्या हातात दिलं. पोरांनी हातानं करावं म्हणून या बायकांनी जन्म घातला, आणि आमच्या गल्लीतली आई रात्री दिवा लावून पोराचे टाके उसवतेय. आता बोला, लाज कुणाला वाटायला पाहिजे?

मी चौकशी केली, तर हे काही एकाच घरातलं नाही. एका घरी वडिलांनी मगरीचे दात कंपासपेटी घेऊन आखून कापले. एकीनं तर कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरनं तयार माकड आणलं, त्याचे दोन टाके उसवून मळवलं, आणि पोरीनंच केलंय म्हणून पाहुण्यांना दाखवलं. पोरगी पाहुण्यांसमोर म्हणाली, "मी न्हाई केलं." पाहुणे चहा न घेताच उठले. आम्हाला खूळ पोरांचं वाटतंय. रात्री बाराला कुणाच्या घरात दिवा असतो ते बघून या.

आणि खरा धोका तर पुढंच आहे. बाहुली शिवून झाली की बोलायला लागते.

भोपळ्यातल्या म्हातारीची बोटबाहुली केली एका दुसरीतल्या पोरीनं. एवढीशी, करंगळीवर बसणारी. पाहुणे आलेले, पोरीनं करंगळी वर केली आणि म्हातारीच्या आवाजात सुरू झाली, "माझी सून मला कालचा भात देती, आन स्वतः गरम खाती." गोष्टीतली म्हातारी असं कधीच बोललेली नाही हो! सून तिथंच उभी, हातात पोह्यांच्या बश्या. पोरीला रागवावं तर ती म्हणते, मी कुठं बोलले, आज्जी बोलली. आणि कोपऱ्यात बसलेली खरी आज्जी छताकडं बघत होती.

बाहुलीला बोलायचा परवाना आपणच दिलाय, त्याला काय करणार? अर्धवटरावाला बघा. यशवंत पाध्यांनी आणलेला तो खवचट म्हातारा शंभरी ओलांडून गेला, मुलगा रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून मोठमोठ्यांची थट्टा करत आला. तेच बोल पाध्ये स्वतः बोलले असते तर किती जणांनी ऐकून घेतले असते? लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही त्यांचाच. इथं वारणानगरात बायका लिज्जतचे पापड लाटतात, म्हणजे त्या सशाशी आमचं तसं शेजाराचंच नातं. १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचूही पाध्यांनीच घडवला, आणि तो आता आमच्या गल्लीत आलाय. सातवीतल्या एकानं फेल्टचा तात्या विंचू शिवून संध्याकाळी जिन्यात टांगला. एक मावशी तिथंच बसल्या, त्यांना उठवायला तिघं लागले.

खाली कोकणात उतरलं की कुडाळजवळचं पिंगुळी. तिथले ठाकर लोक पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी सांभाळत आलेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यातच कलेचं संग्रहालय उभं केलं. शिवाजी महाराजांच्या काळात ठाकरांकडून हेरगिरीची कामं करून घेत, असं तिकडं सांगतात. बाहुल्यांचा खेळ करत गावोगाव हिंडायचं आणि कान उघडे ठेवायचे. हे ऐकल्यापासून मी त्या म्हातारीच्या बोटबाहुलीसमोर तोंड उघडत नाही.

थट्टा बाजूला ठेवली तर मुंबईत मीना नाईक यांनी याच ताकदीवर फार अवघड काम केलंय. 'वाटेवरती काचा गं'मध्ये त्यांनी मुलांच्या लैंगिक छळाचा विषय बाहुल्यांच्या साथीनं मुलांसमोर आणला. जे पोराच्या तोंडून निघत नाही ते बाहुलीच्या तोंडून निघतं. म्हणून मी त्या सुनेला म्हटलं, भाताचं तेवढं बघ, आणि पोरीला काही बोलू नकोस. माझ्याशी बोलत नाही ती आता.

मध्ये एक जण कायदा घेऊन आला. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, तुमच्या उंदराला कुठाय? खरं म्हणजे तो आदेश विकायच्या खेळण्यांचा, आज्जीनं नातवाला करून घ्यायला लावलेल्या उंदराचा नव्हे. पण त्यातनं एक शहाणपणाची गोष्ट आज्ज्यांनी उचलली: घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बटणाचे, मण्यांचे डोळे लावायचे नाहीत. निघाले की थेट तोंडात, आणि घशात अडकले तर धावाधाव. म्हणून आमच्याकडच्या सगळ्या प्राण्यांचे डोळे दोऱ्यानं भरलेले. त्यामुळं सगळे जरा झोपेतनं उठल्यासारखे दिसतात. आणि संध्याकाळी सुया मोजून डबीत ठेवायच्या, हाही आज्ज्यांचाच नियम. तो एका सोफ्यावर एक मामा एकदम बसल्यानंतर झाला.

आता ताजी बातमी, आणि मग मला जाऊ दे, दूध वर आलं असेल.

लग्न ठरलंय. बाहुला-बाहुलीचं लग्न आपणही लावायचो, पण आपल्यावेळी नवरा नवऱ्यासारखा दिसायचा. हे स्थळ म्हणजे उंदीर आणि मगर. उंदीर तोच, आता पुन्हा बांडा; आईनं लावलेलं शेपूट पोरानं स्वतः कातरून काढलं आणि मागची कड पुन्हा त्याच्या त्या वेड्यावाकड्या टाक्यांनी बंद केली. मगर वरच्या आळीतली, अंगानं भरलेली, दात कंपासानं आखलेले. मुलीकडच्यांनी निरोप धाडला, नवऱ्या मुलाला शेपूट नाही हे आधी का सांगितलं नाही? मुलाकडच्यांनी उलट विचारलं, मुलीनं माकडाचं काळीज मागितलं होतं ते तुम्ही कधी सांगितलंत? दोन आज्ज्या मध्यस्थीला बसल्या. तोडगा असा निघाला, की कुणी कुणाचं मागचं काढायचं नाही. मांडव आमच्या सोप्यात, अंतरपाट वाकळेच्या ठिगळाचा, जेवणात पुऱ्या आणि वारणेचं श्रीखंड, आहेर म्हणून फक्त फेल्टचे तुकडे, आणि आयांना आमंत्रण आहे पण स्वयंपाकघरापलीकडं यायचं नाही. सगळं ठरलंय. अडलंय ते भटजींपाशी. भटजी पाचवीत आहे, तो आजोळी बांबवड्याला गेलाय, आणि त्याची आज्जी म्हणते, आंबे संपल्याशिवाय पाठवायची नाही.